मांत्रिक आल्यावर

आमच्या भोरकडच्या जत्रेत तंबूमध्ये रात्रभर भुतांचे जुने सिनेमे दाखवतात. मी ते बायकोची शाल तोंडावर घेऊन, शालीच्या विणीतून बघतो. कापूरहोळचा पंक्चरवाला मात्र सगळ्यात पुढं बसून पडद्यावरच्या मांत्रिकाला ओरडून सांगायचा, "सोडू नगंस तिला, हाण!"

गेल्या पावसाळ्यात त्याची बायको वारली. यंदा पडद्यावर मेलेली बाई नवऱ्याच्या दारात उभी राहिली, तेव्हा सगळा तंबू किंचाळला आणि हा गुडघ्यांवर पुढं सरकला. मांत्रिक येताच मात्र उठून बाहेर गेला. भित्र्याला जोडीदार मिळाला म्हणून मीही पाठोपाठ निघालो.

"काय हो, यंदा तुम्हीपण घाबरलात?"

"न्हाई वो दादा," तो म्हणाला. "एवढी दारात आलीय, अन् त्यो तिला हाकलतोय. आमच्याकडं तर ती येतच न्हाई."