लिनजींना पाहायची होती ती रेघ

श्रीगजाननाची कृपा वाचणाऱ्यांवर आणि लिहिणाऱ्यावरही असो.

लिनजी गेले.

आज पहाटे, चीनमधील त्यांच्या गावी. त्यांच्या कन्येचा दोन ओळींचा मेसेज आला. तेव्हापासून मी ओटीवर नुसता बसून आहे.

आपल्यापैकी पुष्कळांनी त्यांना धामापूरला आमच्या घरी पाहिले होते. कुंचल्याने अक्षरे लिहिणारे, त्यांच्या देशातील जाणते सुलेखनकार. कोकणातले जुने शिलालेख पाहायला आले आणि पावसाळाभर राहिले.

त्यांचे आजोबा शिलालेखांवर कागद दाबून ठसे घेत असत. पावसाने झिजलेली, कडा तुटलेली ती अक्षरे हीच लिनजींची पहिली मुळाक्षरे.

म्हणून त्यांची रेघही तशीच. कुंचला एकदा शाईत बुडवला की ओळ संपेपर्यंत पुन्हा बुडवायचा नाही. शाई आटत जाई आणि रेघेतून कोरा कागद दिसू लागे.

मी म्हणालो, "आमच्याकडे अक्षर म्हणजे जे झिजत नाही ते."

ते हसले. "मला झिजताना दिसते, तेवढेच लिहिता येते."

मग एकदा मी त्यांना बाबल मेस्त्रीच्या गणपतीच्या शाळेत, म्हणजे मूर्ती घडवतात त्या जागी, नेले. तिथे मूर्तीचे डोळे सर्वांत शेवटी रेखतात. एका श्वासात. तोवर कुणी बोलायचे नाही.

डोळे रेखून बाबलचा कुंचला उचलला गेला, तेव्हा लिनजी घामाने भिजले होते.

"गुरुजी, गणपती माझो आणि घाम ह्येका!" बाबल म्हणाला.

त्यानंतर लिनजींचा हात बदलला. एका श्वासात एक अक्षर, असे लिहू लागले. माझे गुरू दोन, म्हणायचे. आजोबा आणि बाबल.

यंदा ते तिकडे आपल्या गावी अंथरुणाला खिळले. मागणी एकच. बाबलची ती डोळ्यांची रेघ पुन्हा एकदा पाहायची.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी शाळेत एकच मूर्ती उरली होती. मी व्हिडिओ कॉल लावला. बाबलने श्वास धरला, कुंचला टेकवला, आणि नेटवर्क गेले.

मी फोन उंच धरून अंगणात धावलो.

कॉल लागला, परत आलो, तर डोळे रेखून झालेले. मूर्तीच्या मुखावर रुमाल. तो आता यजमानांच्या घरी, पाटावर बसवल्यावरच काढायचा.

बाबल हळूच म्हणाला, "गुरुजी, तुमीच सांगा. काढू?"

"नको."

जन्मभर पाळलेला नेम माझ्याआधी बोलून गेला.

स्क्रीनवर लिनजींचे ओठ हलले. कन्येने इंग्रजीत विचारले, "बाबा विचारतात, रेघ कशी आली?"

मी ती पाहिलीच नव्हती.

बाबल म्हणाला, "बरी इली म्हणा तेंका."

मी तेवढेच सांगितले. लिनजी बराच वेळ त्या रुमालाकडे पाहत राहिले.

नेम मोडायला हवा होता का? आयुष्य ग्रंथांत गेले. आज एकही ग्रंथ उघडवत नाही.

लिनजी, या म्हाताऱ्या मित्राचा शेवटचा नमस्कार घ्या.

वाचणाऱ्या सर्वांचे कल्याण असो. आपल्या माणसाने शेवटचे काही मागितले, तर ते आपल्या हातून घडो.