बावड्याची साधी जीप आणि इंदापूरची उंच जीप

त्या वर्षी आमच्या घरी जुनी जीप घ्यायचं ठरलं. सणसरजवळ आमचं शेत कालव्याला लागून आहे. कालव्याला पाणी सुटलं की रस्त्यावर पाझर येतो आणि काळ्या मातीचा नुसता लगदा होतो. भाजी बारामतीच्या बाजारात सकाळी लवकर पोचवायची तर टेम्पोवाले आत यायला तयार नसत. चारी चाकांना ओढ असलेली जीप हवी, यावर घरात दुमत नव्हतं. ती चालवणार कोण, हे मात्र फारसं कोणी बोलत नव्हतं.

वडिलांचा डावा गुडघा कामातून गेला होता, त्यांना क्लच दाबवत नसे. राहिले धाकटे काका आणि मी. मला वडिलांनीच नांगरलेल्या रानात ट्रॅक्टरवर शिकवलं होतं, पुढे बारामतीत मी लायसन्सही काढलं. जूनपासून तिथल्या एका इंग्रजी शाळेत मला लहान मुलांना शिकवायची नोकरी मिळणार होती. आमच्या फाट्यावर सकाळची एसटी थांबेलच असं नव्हतं आणि नातेवाइकांकडे राहायला घरून परवानगी नव्हती. वडील एकदा जेवताना म्हणाले होते, की जीप आली तर हिनंच भाजी बाजारात टाकावी, तशीच शाळेत जावं आणि दुपारी गाडी घेऊन परत यावं. काका तेव्हा मान खाली घालून जेवत राहिले. गाडी माझ्या हातात राहिली तर नोकरी होती, नाहीतर नव्हती.

गाड्या बघायला आम्ही चौघं निघालो. वडील, काका, आजोबा आणि मी. आजोबांना सगळे आबा म्हणत. त्यांचं अर्धं आयुष्य मेंढरांमागे गेलं होतं, दात बघून जनावर पारखण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं, त्यामुळे घरात काहीही विकत घ्यायचं असलं की त्यांना सोबत न्यायची पद्धत होती. मला मात्र कागद वाचायला नेलं होतं.

पहिली जीप बावड्याला, एका निवृत्त ओव्हरसियरच्या दारात उभी होती. कंपनीतून आली तशीच ठेवलेली. कॅनव्हासचं छत, अरुंद टायर, उडालेला करडा रंग. आबा तिच्याभोवती फिरले, वाकून खाली बघितलं आणि पुढच्या लोखंडी जाळीवरून हात फिरवला. काका म्हणाले, "आबा, हिला दात नस्त्यात." आबा हसले, पण फेरी त्यांनी पूर्ण केली. पुरुषमंडळी चहाला ओट्यावर बसली तेव्हा मी चालकाच्या जागेवर जाऊन बसले. क्लच तळापर्यंत दाबला. पाय पोचत होता. मी खाली उतरले आणि कोणाला काही सांगितलं नाही. काकांना गाडी पसंत नव्हती. ही तर सरकारी दवाखान्याची वाटते, असं ते जाताना म्हणाले.

दुसरी इंदापूरला एका ठेकेदाराच्या मुलाकडे होती. तिच्यात मूळचं फारसं काही उरलं नव्हतं. पेट्रोलचं इंजिन काढून डिझेलचं बसवलेलं, स्प्रिंगचे पाटे बदलून गाडी चांगली हातभर उचललेली, रुंद टायर, कपाळावर पिवळे दिवे. कुठल्याशा कारच्या खुर्च्या आणून मालकाच्या उंचीला सोयीच्या अशा जागी वेल्डिंगनं पक्क्या केल्या होत्या. त्यानं आम्हाला बसवून ती ओढ्याच्या चिखलात घातली आणि सहज बाहेर काढली. खरं सांगायचं तर गाडी उत्तम होती. आमच्या रस्त्यासाठी तीच योग्य, असं कोणीही म्हटलं असतं. वडीलही म्हणाले. काकांचा चेहरा फुलला होता. कागदावर इंजिनाची नोंद बदललेली आहे का, तेवढं मला बघायला सांगितलं. बदललेली होती. मी तसं सांगितलं. नोंद नसती तर व्यवहार अडला असता; माझ्या बाजूनं धरायला तेवढंच होतं, तेही गेलं.

विसाराचे आगाऊ पैसे द्यायची वेळ आली तेव्हा आबांनी विचारलं, "धार कोन काढनार हाय हिची?"

ठेकेदाराचा मुलगा गोंधळला. आबा त्याला समजावून सांगू लागले. "म्हस घेताना घरात जी धार काढनार तिला संगं न्हेत्यात. ती कासंला हात लावती, मग इसार. आमची सून आल्याबिगर मी म्हस घेतली न्हाय कदी."

वडिलांनी माझ्याकडे बघितलं. काका म्हणाले, "जावा मॅडम, काढा धार."

मी चढून बसले. क्लच अर्धाच खाली जात होता. मालकानं आतून दोन उशा आणून दिल्या, त्या पाठीशी लावल्या तेव्हा तळ लागला, पण उंच बॉनेटपलीकडचा रस्ता दिसेना. गाडी दोनदा हिसका देऊन बंद पडली. तिसऱ्यांदा थोडी पुढे गेली आणि पुन्हा बंद पडली. काका म्हणाले, "हुईल सवय." सगळे माझ्या होकाराची वाट बघत होते. चार माणसांत बोलायची मला सवय नव्हती. घरी विचारलं तरी मी चालेल म्हणूनच उत्तर देत असे.

"मला ही चालवता येणार नाही," मी म्हणाले. "बावड्याची येईल. मी बसून बघितलीय."

"तुज्यासाठी घ्यायची हाय व्हय गाडी?" काका म्हणाले.

वडिलांनी त्यांना शांतपणे विचारलं, "मग तू जाशील रोज पहाटं भाजी घिऊन?"

 काकांना पहाटे उठवणं किती अवघड आहे, हे आम्हा सगळ्यांनाच माहीत होतं. आबांनी उपरणं झटकलं आणि रस्त्याकडे चालू लागले.

बावड्याची जीप आमच्याकडे आली. छत फडफडायचं, चढाला दम लागायचा. मी नोकरीला लागले. काका त्या गाडीत पुढे कधी बसले नाहीत. कामच असलं तर मागे, भाजीच्या पाट्यांशेजारी बसत.

पुढे एकदा कालव्याला पाणी सुटलं असताना मी पाझरात रुतले. चारी चाकं जोर करत होती, पण अरुंद टायर आणखीच खाली चालले होते. काका ट्रॅक्टर घेऊन आले, झोपेतून उठून, बनियनवरच. चिखलात गुडघ्यावर बसून त्यांनी साखळी बांधली आणि गाडी ओढून डांबरीपर्यंत आणली.

"ती आसती तर रुतली नसती," ते म्हणाले.

"हो," मी म्हणाले.

ते खरंच होतं. त्यांनी साखळी सोडली, गोळा करून ट्रॅक्टरवर टाकली आणि घड्याळ बघून म्हणाले, "नीघ आता. शाळा भरंल."