काकांची बशीबंदी

जगात न्याय आहे आणि तो इस्त्रीचे कपडे घालणाऱ्यालाच भेटतो, असे मनापासून मानणारे माझ्या माहितीतले एकमेव गृहस्थ म्हणजे घाटकोपरला आमच्या शेजारी राहणारे काका. विमा कंपनीतली हेडक्लार्कची नोकरी त्यांना जोडधंदा वाटे. खरे काम म्हणजे ओळखीतल्या हुशार मुलांना फोर्टातल्या त्या नामांकित कॉलेजात पोचवणे. "कुर्ल्याच्या अलीकडची मुलं बुद्धीत कमी पडत नाहीत, रीतभातीत पडतात," हा त्यांचा सिद्धान्त. त्यापायी भर मे महिन्यात ते लोकरी कोट चढवून पुढच्या खोलीत प्रिन्सिपॉल होऊन बसत. आम्ही मुलांनी मुलाखतीला आल्यासारखे दारावर टकटक करून आत जायचे; पाऊल वाजले, की पुन्हा बाहेर. एकदा भाजीवालीने कडी वाजवली, तर तिलाही त्यांनी इंग्रजीतून बसायला सांगून भावी योजना विचारल्या. "कोथिंबीर हवी का नको, तेवढं बोला!" ती म्हणाली. उत्तर मुद्देसूद असल्याचे काकांनी मान्य केले.

सर्वांत कडक कायदा बशीचा. सरकारने दारूबंदी केली होती, काकांनी बशीबंदी. चहा कपानेच प्यायचा, तोही आवाज न करता. "अहो, पोरीची जीभ भाजतेय," काकू कळवळत. "भाजू दे. तिथं फुर्र केलं, तर आयुष्य भाजेल." काकू स्वतः स्वयंपाकघरात दाराआड बशीनेच पीत आणि तो फुरका काकांना कधीही ऐकू येत नसे.

मॅट्रिकला मी शाळेत पहिली आले. मला त्या कॉलेजची प्रयोगशाळा हवी होती. तशी उपनगरात कुठेच नव्हती. मुलाखतीला काका कोटासह बरोबर आले. आम्ही व्हरांड्यात बसलो. समोर प्रिन्सिपॉलांचे दार उघडे होते. आत एक गिरणीमालक शेठ आणि त्यांचा मुलगा. शेठजींनी चहा सावकाश बशीत ओतला आणि असा फुरका मारला, की दारावरचा शिपाईही दचकला. प्रिन्सिपॉल प्रसन्न हसले आणि स्वतः किटली उचलून त्यांचा कप पुन्हा भरला. काका बघत राहिले. मुलगा बाहेर आला. स्वभावाने भला होता. "कठीण विचारतात का रे?" मी विचारले. "मला काहीच नाही विचारलं. थर्ड क्लास आहे माझा, पण पप्पा नवीन लॅबोरेटरी बांधून देतायत ना!"

माझे एकही उत्तर चुकले नाही. जागा भरल्याचे मला अत्यंत सभ्य इंग्रजीत सांगण्यात आले.

घरी काकूंनी चहा आणला. काकांनी कोट काढून खुंटीला लावला आणि बशी माझ्यापुढे सरकवली. "ओत गं यात. उगाच पोळलं तुला इतके दिवस."

त्यांच्या चेहऱ्याकडे पाहून मला ते जमले नाही. मी कपानेच प्याले, आवाज न करता.

त्यानंतर तो कोट खुंटीवरून उतरला नाही. मी दुसऱ्या कॉलेजात शिकले; तिथे एका बर्नरसाठी चौघी ताटकळत असू. त्या कॉलेजातल्या नव्या प्रयोगशाळेवर शेठजींचे नाव संगमरवरात आहे, असे ऐकते. काका आता नाहीत. मात्र अजूनही कपातल्या चहाने जीभ पोळली, की त्या पुढच्या खोलीच्या दारावर टकटक करावी आणि पाऊल न वाजवता आत जावे, असे वाटते.