हिरवे आकडे

सदाबाब जेवायला बसले की आधी ताटाचा फोटो काढायचे. मी शेजारीण, हक्काने गरम भाकरी वाढायला वाकले की थांबवायला हात आडवा. "राव गो वैनी, पयलीं ह्याका दाखयतां." हा 'ह्याका' म्हणजे मोबाईल. त्यातलं ॲप जेवण मोजायचं, आणि मनगटावरचं घड्याळ चालणं. पेज त्या ॲपच्या गावीही नव्हती, म्हणून बिचारे रोज 'भात' आणि 'पाणी' असं वेगवेगळं लिहायचे.

डिचोलीच्या खाणीवर टिपर चालवण्यात त्यांचा जन्म गेला. खाणी बंद पडल्या, माणूस घरी बसला, पोट सुटलं, साखर चढली. मुरगाव बंदरात नोकरीला असलेल्या सुलभाने, त्यांच्या एकुलत्या एका लेकीने, ते घड्याळ दिलं. बापाचे आकडे तिला तिकडे दिसायचे. सगळे हिरवे झाले की संध्याकाळी फोन यायचा, आणि हा बाप्या परीक्षेत पास झाल्यासारखा गल्लीभर सांगत फिरायचा. बायको गेल्यापासून त्यांना असं हसताना मी पाहिलं नव्हतं. म्हणून मीही कौतुक करायची.

एकदा फिरून आले ते एकाच पायात चप्पल घालून. दुसरी वाटेत कुठे पडली, त्यांना पत्ताच नाही. आम्ही पोट धरून हसलो. आता ते हसू आठवलं की अंगावर काटा येतो.

सदाबाब देवीचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त. वैशाखातल्या जत्रेआधी व्रत धरायचं, मोगऱ्याचे हार घालायचे, हातात वेताची काठी घ्यायची आणि निखाऱ्यांवरून अनवाणी चालायचं, हे त्यांच्या घराण्यात चालत आलेलं. त्या वर्षी व्रताचं साधं जेवण ॲपलाही फार मानवलं. "देवी आनी मोबायल, दोगांकय तेंच जाय," म्हणायचे.

जत्रेहून परतल्यावर धोंडाच्या पाया पडायची आमच्याकडे रीत. सकाळी मी वाकले आणि तशीच थबकले. तळव्याला हा एवढा फोड, कडेची कातडी सोललेली. सदाबाब वर निवांत चहा पीत होते.

"अहो, हे काय? दुखत नाही?"

"देवीन सांबाळलें. औंदा इंगळ फुलांसारखे लागले गो वैनी. आदीं चावताले."

मला ते मुळीच बरं वाटलं नाही. डॉक्टरकडे चला म्हटलं, तर चिडले. "देवीचें दिल्लें दोतोराक दाखोवपाचें?" हळद दाबली, फडकं गुंडाळलं आणि संध्याकाळी चालायला निघाले. घड्याळातलं चालण्याचं वर्तुळ पुरं व्हायचं होतं. मी फाटकात आडवी उभी राहिले, पण ऐकेल तो सदाबाब कसला. त्या दिवशीही आकडे हिरवे झाले, आणि पुढेही रोज होत राहिले.

मग त्यांच्या ओसरीवर वास येऊ लागला. आधी वाटलं, उंदीर मेला असेल. तो वास पायाचा आहे हे कळलं तेव्हा मी सरळ सुलभाला फोन लावला.

"काकी, पण त्यांचं रोज सगळं हिरवं येतंय," ती म्हणाली. मी तिच्यावर ओरडले, आणि मग दोघीही रडलो.

म्हापशाच्या इस्पितळात डॉक्टरांनी सांगितलं, पाय गुडघ्याखाली कापावा लागेल. साखरेने त्यांच्या पायातली जाणीवच मेली होती. ठणका नाही, म्हणून माणूस चालत राहिला. सुलभा भिंतीला टेकून उभी होती. "दुसरा पाय तरी चांगला आहे ना?" तिने विचारलं. डॉक्टरांनी सदाबाबांना डोळे मिटायला लावले आणि त्या पायाला सुई टोचली की सांगा म्हणाले.

अंगठ्याला टोचली. तळव्याला टोचली. टाचेत टोचली, तिथे रक्ताचा थेंब आला. सुलभाने माझा हात घट्ट धरला.

सदाबाब डोळे मिटून, शहाण्या मुलासारखे वाट बघत पडले होते. थोड्या वेळाने म्हणाले, "टोचा मरे दोतोर, कित्याक रावल्यात?"