सतरा नंबरचा मायक्रोमीटर

आमच्या सातपूरच्या कारखान्यात मोजमापाची साधने सांभाळणारे काका हरसूलचे आहेत. प्रत्येक साधनावर नंबर कोरलेला असतो, पण काका तो न बघता नुसते हातात घेऊन सांगतात, "सतरा नंबर हे हा. जरा जडच फिरतो गडी."

एकदा हा सतरा नंबरचा मायक्रोमीटर माझ्या हातून फरशीवर पडला. तरी शिफ्ट संपेपर्यंत मी त्यानेच शाफ्ट मोजले. परत करायला गेले तेव्हा काका जागेवर नव्हते. मी तो कपाटात ठेवला आणि वहीत 'ठीक' लिहून सही केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी काकांनी तपासला तेव्हा तो चुकीचे माप दाखवत होता. त्यांनी विचारले, "ताई, पडला व्हता का कुठं?"

"नाही," मी म्हणाले.

ते वहीतल्या माझ्या सहीकडे बघत राहिले. मग त्यांनी कालचे सगळे शाफ्ट शोधून काढले आणि शिफ्ट सुटल्यावर थांबून एकट्याने पुन्हा मोजले. वहीत बिघाडाच्या कारणाच्या रकान्यात लिहिले, 'कळले नाही'.

इतरांना काका कुठलेही साधन आपल्या खोलीच्या खिडकीतून एका हाताने देतात. मला मात्र आता दोन्ही हातांनी देतात, आणि माझी पकड नीट बसेपर्यंत सोडत नाहीत.