परक्यांची दखल

निंग सूयुन चीनमधल्या आमच्या लानचौच्या विद्यापीठात मातीतल्या क्षारांवर काम करायची. आमची टेबलं शेजारीशेजारी. सकाळी गोमांसाच्या शेवयांचा वाडगा रिकामा करता करता ती फोनवर एकच गोष्ट बघायची. शोधनिबंध हुडकून देणाऱ्या संकेतस्थळावर तिच्या मोठ्या निबंधाचा संदर्भ आणखी कुणी दिलाय का?

"बाजारभाव बघतेस का गं रोज?" मी चिडवायचे.

"घर टिकवतेय," ती म्हणायची.

ते खरंच होतं. आमच्याकडे मुदतीत बढती मिळाली नाही तर नोकरी जाते. नोकरीबरोबर विद्यापीठाचं घर आणि मुलीची शाळाही. बढतीला संदर्भांची ठरावीक संख्या लागते, तीही ग्रंथालयाचा शिक्का असलेल्या दाखल्यावर. सूयुनच्या फोनवर ती संख्या पुरून उरत होती.

दाखला आणायला मीही सोबत गेले. ग्रंथालयातल्या ताओबाईंनी संगणक आमच्याकडे वळवला. "मॅडम, एवढेच भरतात."

"निम्मेसुद्धा नाहीत? पुन्हा बघा ना."

"बघितलं. फोन सगळेच मोजतो, आम्ही फक्त परक्यांचे धरतो. तुमच्या निबंधावरचं एक जरी नाव संदर्भ देणाऱ्याच्या निबंधावर असलं, तरी तो घरचा. तुमच्यावर पांग सरांचं नाव आहे. आणि संदर्भ देणाऱ्यांत सरांचं नाव कुठे नाही?"

पांग सर सूयुनचे पीएचडीचे मार्गदर्शक. सरांची प्रयोगशाळा तिने कधीच सोडली होती. खड्डे तिने खणले, मोजमापं तिची, लिखाणही तिचं. पण गुरूचं नाव वगळायचं कसं, म्हणून तिने आपणहून घातलं होतं. आम्ही सगळेच घालतो.

ताओबाई हळूच म्हणाल्या, "सरांनी लिहून दिलं की या कामात माझा हात नव्हता, तर समिती ऐकेल कदाचित."

तसा कागद घेऊन आम्ही संध्याकाळी सरांकडे गेलो. गुडघा धरून बसलेल्या सरांनी स्वतः चहा ओतला.

"बढतीचं काय झालं, सूयुन? काळजी करू नकोस. माझ्या सगळ्या पोरांना सांगून ठेवलंय, प्रत्येक निबंधात तुझा संदर्भ द्यायचा म्हणून."

मी तिच्याकडे बघायचं टाळलं. तिने कागद पुढे केला. "सर, एक सही हवी होती."

सरांनी तो वाचला. चष्मा काढला. "माझा हात नव्हता?"

तिने आपला कप बाजूला सरकवला.

"बोल ना. नव्हता?"

"नव्हता, सर."

"मग नाव कशाला घातलंस?"

"न घालून कसं चाललं असतं, सर?"

सरांनी कागद तिच्यापुढे ठेवला. मग म्हणाले, "मी सही केली की उद्या विचारतील, बाकीच्या निबंधांत तरी तुमचा हात होता का? त्या पोरांच्या पदव्या अडकतील. त्यांचं काय करू?"

सूयुनने कागद उचलून पिशवीत ठेवला आणि दोन्ही हातांनी त्यांचा कप भरला.

जिना उतरताना मी भडकले. "अगं, थोडी भांडायचीस तरी!"

"कुणाशी? त्या पोरांतली निम्मी माझ्यासारखीच आहेत."

फाटकापाशी ती थांबली. पलीकडच्या मैदानात तिची मुलगी मैत्रिणींबरोबर दोरीवरच्या उड्या मारत होती. आम्हाला बघून तिने हात हलवला.

"हिला आत्ता सांगू," सूयुनने विचारलं, "की परीक्षा झाल्यावर?"