मावशीच्या मोटरी

जगात जेवढ्या म्हणून मोटरी फिरतात, त्या सगळ्यांच्या तब्येतीची जबाबदारी माझ्या थोरल्या मावशीवर टाकलेली आहे, अशी माझी ठाम समजूत आहे. इतरांच्या नाकाला फोडणीचा वास येतो, मावशीच्या नाकाला तापलेल्या तारेचा. शेजारीण मिक्सरमध्ये ओलं खोबरं ठासून भरते, पातं जागचं हलत नाही आणि तरी ती बटण सोडत नाही, एवढं सगळं भिंतीपलीकडून ओळखून मावशी थेट तिच्या स्वयंपाकघरात शिरते. "आगं, आडकलीया ती! आडकली की करंट ओढती, ओढला की तापती, तापली की जळती. सोड की तिला!" कोल्हापूरच्या तंत्रनिकेतनात तिनं आयुष्यभर इलेक्ट्रॉनिक्स शिकवलं. तिचा वर्गातला आवाज रंकाळा तलावापर्यंत ऐकू जायचा असं तिचे विद्यार्थी सांगतात, आणि रंकाळा तिथून चांगलाच लांब आहे. लग्नाला गेली की आधी कूलरच्या मोटरीवर तळवा ठेवून ताप बघते, मग नवरा-नवरीकडं वळते. मला तिची लहानपणापासून भीती वाटते आणि अभिमानही.

काकांना, म्हणजे मावशीच्या मिस्टरांना, अर्धांगवायूचा झटका आला. काकांचा उजवा हात गेला, डावा थरथरायचा. मावशी भरवायला बसली की ते ताट ढकलायचे. "दुसऱ्याच्या हातानं खायाला मी तान्हं बाळ हाय व्हय?" त्या हट्टापायी माणूस निम्मा झाला. डॉक्टर म्हणाले, अंगात अन्न गेलं नाही तर औषधं काय करणार?

मावशीनं जेवणाच्या टेबलावर काड्यापेटीएवढ्या मोटरी मांडल्या आणि एक यंत्राचा हात बनवायला घेतला. काकांनी डाव्या तळव्याखालचं बटण दाबलं की हात वाटीत चमचा बुडवायचा, उचलायचा आणि तोंडाशी आणून थांबायचा. काका पहिल्यांदा रस्साभात जेवले तेव्हा मी तोंडात बोट घालून बघत राहिलो. "ह्यो हात माझा हाय," काका म्हणाले आणि पुन्हा बटण दाबलं.

पण कोल्हापूरच्या आग्रहाचा हिशेब मावशीनं धरला नव्हता. काकांच्या समाचाराला येणारे पावणे शेजारी बसायचे, चमच्यात नुसता भात बघून हळहळायचे आणि निघालेला चमचा मधेच गच्च धरून म्हणायचे, "थांब की गा, मटणाची फोड घालतो!" यंत्राशीही त्यांचा आग्रह तसाच. इकडं पावण्यांची मूठ, तिकडं जोर लावणारी मोटर. फोड चमच्यात पडेपर्यंत धूर निघायचा. एकेक पावणा एकेक मोटर खाऊन गेला, आणि प्रत्येक वेळी काकांचं जेवण तुटायचं. फ्यूज बसवला, तर तो उडून मोटर वाचायची, पण नवा घालेपर्यंत काका तोंड उघडून तसेच बसायचे.

"पावण्यास्नी बदलता येत न्हाय," मावशी म्हणाली, "मोटरीला शानपन शिकवाय पायजे." तिनं करंट मोजणारी एक इवलीशी चकती जोडली. सुरू होताना मोटर जरा जास्त ओढते, तेवढं तिला ओढू द्यायचं. त्यानंतरही ओढतच राहिली तर ती अडकली असं समजून यंत्रानं वीज तोडायची, हात सैल सोडायचा आणि काकांनी पुन्हा बटण दाबलं की नव्यानं सुरू व्हायचं. ही मर्यादा जुळवायला मावशी दिवसभर चमच्याशी झोंबायची. मर्यादा कमी ठेवली तर जड घासालाच हात गळायचा, जास्त ठेवली तर पुन्हा धूर. जुळली तेव्हा तिनं चमचा धरला, हात क्षणभर अडला आणि निमूट सैल पडला. देवळात जोडावेत तसे माझे हात आपोआप जोडले गेले.

परवा रविवारी मी जेवायला होतो. काका रस्साभात खात होते. मावशी शेजारी बसून, ताटाला हात न लावता, फक्त मोटरीकडं कान देऊन होती. चार घास झाले आणि काकांनी बटणावरचा डावा हात उचलून वर निघालेला चमचा धरला. मी ओरडलोच. पण यंत्राचा हात सैल पडला होता.

"सुटली! बघ, सुटली बघ कशी!" मावशीचं सगळं लक्ष मोटरीकडं.

काकांनी चमचा सोडला नाही. थरथरत्या हातानं तो सैल पडलेला हात हळूहळू वळवत त्यांनी तिच्या तोंडाकडं नेला.

"तू जेवलीस का?"

"जेवतो की मागनं," मावशी म्हणाली.

"आता घे."

रस्सा तिच्या पदरावर सांडला, पण घास तोंडात गेला. मी आपल्या ताटाकडं बघत बसलो. मावशीनं तो घास गिळला आणि काकांच्या शेजारीच स्वतःसाठी ताट वाढून घेतलं.